कड्याचा पायथा कोण झाडतो?

ऐन पावसाळ्यात पाऊस थोडा उघडला की खंडाळ्याच्या कड्याखाली ढग साचतात. खालचे कोकण त्यात बुडून जाते. पांढऱ्या पसाऱ्यातून माथेरान, प्रबळगड, इर्शाळगड यांचे माथे बेटांसारखे वर राहतात आणि नागफणीचे टोक भूशिरासारखे पुढे घुसलेले दिसते. हे पाहून ‘इथे कधीतरी समुद्र असणार’ असे ज्याच्या मनात आले नाही असा माणूस विरळाच. परशुरामाने समुद्र मागे हटवून कोकणची भूमी मिळवली ही कथा तर घरोघरी ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकातल्या काही इंग्रज भूवैज्ञानिकांनाही सह्याद्रीची ही पश्चिमेकडची भिंत म्हणजे जुना सागरी कडा वाटला होता. कथा आणि शास्त्र एकाच मुक्कामी पोचावीत असा योग क्वचित येतो, आणि या वेळी दोघांचीही वाट चुकली होती. लोणावळ्याचा कडा समुद्राने कापलेला नाही. तरीही तो किनाऱ्यावरच्या कड्यासारखा दिसतो तो उगाच नव्हे, कारण दोन्ही कडे एकाच नियमाने उभे राहतात. तो नियम कळायचा तर कडा कोणी कापला हा प्रश्न जरा बाजूला ठेवून त्याचा पायथा कोण झाडतो, हे विचारावे लागते.

आधी खऱ्या किनाऱ्यावर जाऊ. रायगड जिल्ह्यात हरिहरेश्वरला प्रदक्षिणेची वाट डोंगरातून पायऱ्या उतरून थेट समुद्राच्या कातळावर येते. भरतीला ती बंद असते, ओहोटीला उघडी पडते, आणि या उघड्या पडणाऱ्या कातळातच लाटांचे सगळे काम वाचता येते. एका बाजूला उभा कडा, त्याच्या पायाशी समुद्राकडे किंचित उतरत गेलेला जवळजवळ सपाट कातळ. लाट कड्यावर आपटते तेव्हा फटींमध्ये अडकलेली हवा क्षणभर दाबली जाते आणि लाट मागे सरताच सुटते. वर्षानुवर्षे असे झाले की फटी रुंदावतात. लाटेबरोबर येणारे गोटे हातोड्यासारखे पायथ्यावर बसतात. पायथा आत खचला की वरचा खडक आधार सुटून कोसळतो, कडा तितका मागे सरतो, आणि त्याने सोडलेली जागा सपाट कातळ होऊन मागे राहते. मात्र हरिहरेश्वरच्या त्याच कड्यावर, लाटेच्या हाताबाहेर, खडक मधाच्या पोळ्यासारखा पोखरलेला दिसतो. ते लाटेचे काम नव्हे. तुषारांतले खारे पाणी खडकाच्या छिद्रांत शिरते, उन्हात सुकते, आणि मिठाचे स्फटिक वाढताना खडकाचे कण सुटे करतात. पाठ्यपुस्तकात याला विदारण म्हणतात. म्हणजे ऐन समुद्रावरसुद्धा खडक खिळखिळा करणारे हात वेगळे आहेत आणि पाडणारे हात वेगळे. लाटेचे सर्वांत मोठे काम यानंतर सुरू होते. ती पडलेला राडारोडा फोडते, गोल करते, वाळू करते आणि घेऊन जाते. लाटेने हे केले नसते तर कड्याचा पायथा त्याच्याच ढिगाऱ्याने भरत गेला असता, ढिगारा वर चढत जाऊन कड्याला पांघरूण घातले असते, आणि काही हजार वर्षांत तिथे झाडी माजलेला एक साधा उतार उरला असता. कडा कडा म्हणून टिकतो तो पडत राहतो म्हणून, आणि पडलेले कोणीतरी उचलून नेते म्हणून.

आता हीच कसोटी खंडाळ्याला लावून पाहू. लाट हे आडवे चालणारे करवत आहे. समुद्राच्या पातळीच्या काही मीटर वर आणि काही मीटर खाली, एवढ्याच पट्ट्यात ते चालते. म्हणून समुद्राने कापलेल्या कड्याचा पायथा मैलोन्‌मैल एकाच उंचीवर असतो. सह्याद्रीच्या कड्याचा पायथा तसा नाही. खोपोलीपाशी तो शंभर मीटरच्याही खाली आहे, तर डोंगराच्या सोंडा जिथे पुढे येतात तिथे तो कितीतरी वर चढतो. दऱ्यांमध्ये आत शिरतो, पुन्हा बाहेर येतो. पायथ्याशी पडलेले दगड पाहा. ते धारदार कोनांचे आहेत, घासून गोल झालेले नाहीत. गोटे सापडतात ते नदीच्या पात्रात. समुद्र इथवर येऊन लाखो वर्षे काम करून गेला असता तर वाळू, शिंपले, चुनखडीचे थर असे काहीतरी कोकणच्या पट्ट्यात सोडून गेला असता. वाळू-शिंपल्यांचा घट्ट झालेला खडक कोकणात आहे खरा, पण तो आजच्या किनाऱ्याला चिकटून. कर्जत-खालापूरच्या बाजूला आहे तो निखळ काळा पाषाण, त्याचा मुरूम आणि त्यावरची माती. शिवाय कोकण हे सपाट मैदान नाहीच. लाटांनी घासून काढलेल्या पठारावर सुमारे आठशे मीटर उंचीचे माथेरान शिल्लक राहण्याचे कारण नव्हते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो डोळ्यांवर विसंबलेला असल्यामुळे बळकट वाटतो. घाटातून जाताना डोंगरावर एकावर एक आडव्या पायऱ्या दिसतात. उभा कडा, मग झाडीचा उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार. हे समुद्राच्या वेगवेगळ्या काळातल्या पातळ्यांचे वळ तर नाहीत? उत्तर घाटाच्या दुसऱ्या अंगाला, मावळात उभे आहे. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना यांच्यावरही अगदी अशाच पायऱ्या आहेत, त्याही चहूबाजूंनी. विसापूरचा माथा १०८४ मीटरचा. तिथवर समुद्र चढल्याचा कसलाच पुरावा नाही. या पायऱ्या लाव्ह्याच्या थरांच्या आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हापुन्हा वाहिला आणि थरावर थर बसत गेला. प्रत्येक थराचा मधला भाग सावकाश थंड झाल्याने घट्ट, वरचा भाग वायूंच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र आणि ठिसूळ. घट्ट भागाचा कडा होतो, ठिसूळ भागाचा उतार. या खडकाला जगभर ‘ट्रॅप’ म्हणतात तो शब्दही स्वीडिश भाषेतल्या पायऱ्यांवरून आला आहे. दख्खनच्या या थरांची रासायनिक ओळख पटवून त्यांना नावे दिली गेली तेव्हा एका थरसमूहाला खंडाळ्याचे नाव मिळाले आणि त्याहून मोठ्या गटाला लोणावळ्याचे. त्यामुळे जगभरच्या भूविज्ञानाच्या ग्रंथांत ही दोन गावे थंड हवेसाठी नव्हे तर दगडासाठी ओळखली जातात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: समुद्राने नसेल, पण जमीन तुटून पश्चिमेकडचा भाग खाली खचला असेल, आणि उरलेली भिंत म्हणजे हा कडा. यात अर्धे सत्य आहे. लाव्ह्याचा पूर ओसरल्यानंतर थोड्याच काळात, म्हणजे सहा कोटी वर्षांच्याही काहीसे आधी, सेशेल्सचा भूखंड भारतापासून वेगळा झाला आणि मध्ये अरबी समुद्र पसरला. किनारा त्या तुटण्यातून जन्मला, आणि त्या तुटण्याच्या खुणा आहेत. पनवेलच्या आसपास लाव्ह्याचे एरवी आडवे असणारे थर समुद्राकडे वाकलेले दिसतात. पण या खुणा किनाऱ्यालगत आहेत, घाटाच्या पायथ्याला नाहीत. कडा जर भूभंगाचा असता तर त्याची कड बऱ्यापैकी सरळ गेली असती आणि तिच्या दोन्ही बाजूंचे थर एकमेकांशी जुळले नसते. प्रत्यक्षात घाटाची कड झालरीसारखी वळणावळणाची आहे, आणि घाटापुढे सुटे उभे असलेले माथेरान आणि प्रबळगड हेही त्याच आडव्या थरांचे आहेत. ते खचलेले तुकडे नाहीत, मागे राहिलेले तुकडे आहेत. पठार एकेकाळी त्यांच्याही पलीकडे, किनाऱ्याच्या दिशेने पसरले होते. म्हणजे कडा जन्मला तो आजच्या किनाऱ्याजवळ कुठेतरी, आणि तिथून तो पूर्वेकडे चालत लोणावळ्यापर्यंत आला. सुमारे पन्नास किलोमीटरची ही चाल समुद्राने चालवली नाही, तर मग कोणी?

खडक खिळखिळा करण्याचे काम इथे गोड्या पाण्याकडे आहे. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून साठेक किलोमीटरवरच्या पुण्यात सातशे-साडेसातशे. हा पाऊस हवेतला आणि मुख्यतः मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळवून सौम्य आम्ल बनतो. काळा पाषाण दिसायला अभेद्य असला तरी त्यातली खनिजे लाव्ह्याच्या उष्णतेत जन्मलेली आहेत आणि थंड, ओल्या हवेत ती टिकाऊ नसतात. सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम पाण्याबरोबर निघून जातात, लोह गंजते आणि राहते. रस्त्याच्या कडेला कापलेल्या दरडीत हे काम अर्धवट झालेले पाहायला मिळते. कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोल धोंडे, मध्ये गाभा अजून काळा, भोवती तपकिरी मुरूम. ज्या माथ्यांवर हे काम लाखो वर्षे चालले तिथे उरतो तो जांभा. माथेरानची तांबडी माती त्याच कुळातली. याशिवाय कड्याच्या रचनेतच दोन दुबळ्या जागा आहेत. एक, थंड होताना आकसल्यामुळे घट्ट खडकाला पडलेल्या उभ्या भेगा. दुसरी, दोन लाव्हाप्रवाहांच्या मध्ये कुठे कुठे असणारा लाल मातीचा पट्टा, ज्याला अभियंते ‘रेड बोल’ म्हणतात. पाऊस उभ्या भेगांतून खाली उतरतो, या लाल थरावर अडतो आणि आडवा वाहत कड्याच्या तोंडाशी झऱ्यासारखा बाहेर पडतो. लाल माती भिजून मऊ होते, झिजत आत जाते, आणि तिच्यावरचा खडकाचा खांब अधांतरी राहतो. हरिहरेश्वरला लाट पायथ्याशी खाच पाडते. इथे कड्याच्या अंगावर, जिथे जिथे लाल थर आहे तिथे तिथे, झरा ती खाच पाडतो. या कड्याला समुद्र एकच आणि तोही पायाशी, अशी गरजच नाही.

पण खिळखिळे करणे आणि पाडणे एवढ्याने कडा टिकत नाही, हे आपण पाहिले. झाडणारा हवा. इथे ते काम उल्हास आणि पाताळगंगा करतात. आता एखाद्याला हसू येईल, कारण ज्या नद्या घाटाच्या पायथ्याशी आठ महिने ओढ्यासारख्या दिसतात त्या समुद्राची जागा घेतात म्हणणे अतिशयोक्तीचे वाटते. हिशोब करू. लोणावळ्याची उंची सव्वासहाशे मीटरच्या आसपास. खंडाळ्याच्या कडेवरून पश्चिमेला पडलेला थेंब पाताळगंगेने धरमतरच्या खाडीला किंवा उल्हासने वसईच्या खाडीला जातो. उल्हासची सगळी लांबी सव्वाशे किलोमीटरच्या आतली. त्याच कडेवरून पूर्वेला पडलेला थेंब इंद्रायणीतून तुळापूरला भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि हजार किलोमीटरच्या कितीतरी पलीकडे बंगालच्या उपसागरात जातो. उतरायची उंची दोघांना सारखीच, आणि त्यातही पश्चिमेच्या थेंबाला बहुतेक उंची पहिल्या काही किलोमीटरमध्येच उतरायची आहे. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर ते हलवू शकणाऱ्या धोंड्याचे वजन चौसष्टपट होते, असा जुना पाठ्यपुस्तकी नियम आहे. प्रत्यक्षात आकडा इतका नेमका येत नाही, पण दिशा तीच. आठ महिने झोपलेला ओढा जुलैच्या एका रात्रीत खोलीएवढा धोंडा पुढे ढकलतो. इंद्रायणी मात्र मावळच्या खोऱ्यात शिरताच सपाटीला लागते आणि तिच्या अंगात मातीच वाहून नेण्याचे बळ उरते. म्हणूनच घाटाची दोन अंगे इतकी वेगळी आहेत. पश्चिमेला पायथा सतत झाडला जातो म्हणून भिंत. पूर्वेला पडलेले तिथेच राहते म्हणून मावळची भाताची खाचरे आणि त्यांच्याकडे उतरत आलेले मऊ उतार. विसापूरच्या माथ्याला कडा आहे, पण निम्म्या डोंगरापर्यंत वर चढलेला ढिगारा आणि त्यावरची झाडी पाहिली की पायथा झाडणारे कोणी नसले म्हणजे कड्याचे काय होते ते कळते.

या असमान लढाईची सर्वांत स्पष्ट खूण म्हणजे खुद्द लोणावळा-खंडाळ्याची खिंड. दोन्ही बाजूंना आठशे-हजार मीटरचे डोंगर आणि मध्ये रुंद, सपाट, सहाशे मीटरच्या आसपासची जागा, जिच्यातून वाहणारा प्रवाह तिच्या मानाने अगदीच किरकोळ. एवढे रुंद खोरे एवढ्याशा पाण्याने कोरले नसणार. त्याहून विचित्र म्हणजे हे खोरे पश्चिमेकडे निमुळते होत संपत नाही. ते रुंद असतानाच कड्यावर येऊन तुटते, सुरीने कापलेल्या पावासारखे. नदीचा उगम असा नसतो. जुन्या इंद्रायणीचे डोके अजून पश्चिमेला, आज जिथे मोकळी हवा आहे तिथे होते. कडा मागे सरकताना त्याने ते खाल्ले, आणि तिच्या वरच्या ओढ्यांचे पाणी पश्चिमेच्या नद्यांनी पळवले. भूगोलात याला नदीचौर्य म्हणतात. चोरी केवळ नद्यांना उपयोगी पडली असे नाही. कापलेल्या खोऱ्याचे ते उघडे तोंड म्हणजेच बोरघाट. सातवाहन काळापासूनचा व्यापार इथून चढला; शेजारच्या कुरवंड्याच्या घाटाखाली उंबरखिंडीत १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी मोगल सरदार कारतलबखानाची फौज गाठली; आणि १८६३ मध्ये २५ बोगद्यांची रेल्वे इथूनच वर आली. सह्याद्रीत खिंडी पुष्कळ आहेत, पण रेल्वेला परवडेल इतकी ठेंगणी आणि वर पोचल्यावर इतकी सपाट जागा नदीच्या शिरच्छेदाशिवाय मिळाली नसती.

मावळात राहणारा किंवा लेणी पाहिलेला वाचक इथे थांबवून म्हणेल, दगड झिजतो वगैरे ठीक, पण भाज्याचे लेणे पाहा. बावीसशे वर्षे झाली, छिन्नीचे घाव तसेच आहेत. कार्ल्याला ब्राह्मीतले शिलालेख आजही वाचता येतात. चैत्यासमोरचा सिंहस्तंभ दोन हजार पावसाळे अंगावर घेऊन उभा आहे. असा दगड पन्नास किलोमीटर मागे कसा सरकेल? हा आक्षेप मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो मोजता येतो. पन्नास किलोमीटर भागिले सहा कोटी वर्षे, म्हणजे हजार वर्षांत पाऊण मीटरहून थोडे अधिक. भाज्याच्या वयात सरासरीने कडा दोन मीटरसुद्धा सरकला नसता. कड्यात पुरुषभर खोल आणि त्याहून आत कोरलेले लेणे एवढ्या हिशोबात सहज टिकते. शिवाय ते मावळच्या बाजूला आहे, जिथे झाडणाराच दुबळा. घाटाच्या कोकणाकडच्या अंगाला, राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाण्याची लेणी आहेत, जवळपास त्याच काळातली. तिथल्या चैत्याचा दर्शनी भाग आणि खांब बरेचसे ढासळले आहेत. एका लेण्यावरून सिद्धांत मांडता येत नाही, तिथल्या खडकाचा थर वेगळा असू शकतो. पण तुलना बोलकी आहे.

सरासरीत मात्र एक फसवणूक आहे. कडा दरवर्षी मिलिमीटरभर सरकत नाही. शतकानुशतके तो तसूभरही हलत नाही आणि मग एका रात्रीत त्याचा एखादा भाग जातो. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण असे गेले, दीडशेहून अधिक माणसांसह. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाखालची इर्शाळवाडी गेली. दोन्ही ठिकाणी आधी कित्येक दिवस पाऊस कोसळत होता. माळीणला निसटले ते डोंगरउतारावरचे कुजलेले खडक आणि माती, इर्शाळगड तर ढगांतून बेटासारख्या दिसणाऱ्या त्या सुट्या शिखरांपैकीच एक. अशा घटनांना आपण आपत्ती म्हणतो, आणि माणसांच्या दृष्टीने त्या आपत्तीच आहेत. डोंगराच्या दृष्टीने हीच त्याची चालायची रीत आहे; मधली शांत शतके म्हणजे पुढच्या पावलाची तयारी, विदारणाची. त्यामुळे ‘इथे पूर्वी कधी दरड पडली नाही’ हा दिलासा देणारा पुरावा नाही.

सरासरीची दुसरी फसवणूक सूक्ष्म आहे आणि ती माझ्या मांडणीलाच मुरड घालते. गोवा आणि कर्नाटकात जांभ्याच्या थरांतल्या मँगनीज खनिजांची वये मोजण्यात आली आहेत. ही खनिजे विदारणातच तयार होतात, म्हणून त्यांचे वय म्हणजे ती जमीन उघडी पडून कुजू लागल्याचे वय. घाटाखालच्या सखल पट्ट्यात ही वये साडेचार कोटी वर्षांच्या पुढे जातात. सरळ अर्थ असा की निदान तिथे तरी सखल पट्टी तेव्हाच तयार होती आणि कडा तेव्हाच बराच मागे पोचला होता. मग सगळी चाल पहिल्या दीड-दोन कोटी वर्षांत झाली आणि नंतर कडा जवळजवळ थबकला, असे मानावे लागते. मावळच्या कड्याला हे वय जसेच्या तसे लावता येणार नाही, दक्षिणेकडचे खडक वेगळे आहेत. पण ते लागू पडले तरी मूळ तर्क मोडत नाही, उलट नीट बसतो. कडा किनाऱ्याजवळ होता तेव्हा त्याच्या पायथ्यापासून समुद्रापर्यंतची वाट आखूड आणि तीव्र उताराची होती, झाडणाऱ्याला जोर होता. कडा मागे सरकत गेला तसे अंगण लांबले आणि सपाट झाले. आजची उल्हास कर्जतच्या खाली संथ वाहते. तिचा केरसुणीचा जोर उरला आहे तो घाटाच्या तोंडाशी, डोक्याकडच्या ओढ्यांत. समुद्रकिनाऱ्यावरही हेच होते: लाटांनी कापलेला सपाट कातळ जितका रुंद होतो तितकी लाट त्याच्यावरून येता येता दमते आणि कड्यापर्यंत पोचेतो तिच्यात दम उरत नाही. कडा आपल्याच यशाने मंदावतो. यात आणखी एक गोष्ट भर घालते. कोकणातून किलोमीटरभर जाडीचा खडक निघून गेला, तसा ओझे उतरलेल्या होडीसारखे भूकवच वर आले, आणि पठाराची कडही उचलली गेली. म्हणून सह्याद्रीची उंची कडेशी सर्वांत जास्त आहे आणि जमीन तिथून पूर्वेला कलते. समुद्र दिसेल इतका जवळ असताना इंद्रायणी त्याच्याकडे पाठ करून निघते त्याचे कारण हा कल.

एवढे झाल्यावर समुद्राला या कथेतून हाकलून द्यायचे का? नाही, पण त्याचे काम वेगळे लिहायला हवे. आजच्या पातळीवर समुद्र आहेच किती काळ? वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगात, तो सुमारे १२० मीटर खाली होता आणि किनारा आजच्यापेक्षा खूप पश्चिमेला. तो चढत येऊन आजच्या पातळीपाशी स्थिरावला त्याला सहा-सात हजार वर्षे झाली. धरमतर, बाणकोट, दाभोळ, जयगड या खाड्या म्हणजे तेव्हा बुडालेल्या नद्यांची खोरी. मुंबईत एकोणिसाव्या शतकात प्रिन्सेस डॉक खोदताना भरतीच्या पातळीच्या कितीतरी खाली झाडांची खोडे मुळांसकट सापडली होती. परशुरामाच्या कथेच्या उलट, अलीकडच्या काळात समुद्र कोकणातून मागे हटला नाही, कोकणावर चालून आला. हरिहरेश्वरचा कातळ ही या सहा-सात हजार वर्षांची, फार तर आधीच्या काही चढ-उतारांची कमाई. खंडाळ्याचा कडा त्याहून हजारोपटीने जुना. पण समुद्राने जवळ येऊन उतार दिला नसता तर उल्हासला बळ मिळाले नसते, आणि त्याच्यावरून बाष्प भरून येणारे वारे या भिंतीला धडकून वर चढले नसते तर चार हजार मिलिमीटर पाऊसही पडला नसता. कडा जितका उभा तितका पाऊस अधिक, पाऊस जितका अधिक तितका पायथा स्वच्छ, पायथा स्वच्छ तितका कडा उभा. समुद्राने लाटा पाठवल्या नाहीत, ढग पाठवले.

गेल्या दीडशे-दोनशे वर्षांत या व्यवहारात एक नवा भागीदार आला आहे. रस्ता किंवा लोहमार्ग घाटात न्यायचा म्हणजे उताराचा पाय कापायचा, आणि लाट जे हजार वर्षांत करते ते सुरुंग एका हंगामात करतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळ २०१५ च्या आणि पुन्हा २०२३ च्या जुलैत दरडी कोसळल्या. पाय कापलेल्या उताराने आपला नवा उतार शोधावा यात आश्चर्य काही नाही. जाळ्या बांधून आणि सुटे धोंडे आधीच पाडून धोका कमी करता येतो, आणि खोपोली ते कुसगाव ‘मिसिंग लिंक’ हा जोडरस्ता डोंगराच्या पोटातून नेण्यामागे हा उघडा उतार टाळणे हेही एक कारण आहे. रेल्वेने तर पहिल्यापासून बोगद्यांचा आसरा घेतला, तरी मंकी हिलच्या परिसरात पावसाळ्यात गाड्या अडतातच.

याहून विलक्षण उदाहरण पाण्याचे आहे. लोणावळा आणि वळवणच्या धरणांत इंद्रायणीच्या खोऱ्यातले पाणी अडवून टाटांनी ते नळांतून पाचशे मीटर खाली खोपोलीला सोडले आणि १९१५ मध्ये त्यावर मुंबईला वीज दिली. वीज करून झालेले पाणी पाताळगंगेत जाते. बंगालच्या उपसागराकडे निघालेले पाणी अरबी समुद्राला देण्याचे हे काम नदीने स्वतः करायचे ठरवले असते तर कड्याला आणखी काही किलोमीटर मागे यावे लागले असते, म्हणजे वरच्याच हिशोबाने काही दशलक्ष वर्षे. फरक एवढाच की नळातले पाणी रिकाम्या हाताने जाते. गाळ-गोटे वर तलावातच राहतात, आणि पाचशे मीटरच्या उडीत कमावलेला जोर पायथा झाडण्याऐवजी चाक फिरवण्यात खर्च होतो. खरी चोरी अजून उत्तरेला, राजमाचीखालच्या उल्हासच्या दरीत आणि दक्षिणेला कुरवंड्याशी चालू आहे. इंद्रायणीचा उगम म्हणून जी जागा दाखवतात ती कुरवंड्यालाच, नागफणीच्या मागे, कड्यापासून हाकेच्या अंतरावर आहे.